वाफेची वाट

बुधवारी डिचोलीच्या बाजारात
घुमटं मांडून बसले होते, तेव्हा तो आला.
थाप मारून बघितली नाही त्यानं,
वाकून आत डोकावला.
असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं.

दानलादी नाव. लोखंडाचं शिक्षण घ्यायला आलेला,
तेही बंद खाणींच्या मुलखात, म्हणून पुरशा हसला.
पुरशा माझा नवरा. बारा वर्षं टिपर हाकला त्यानं.
आता हौद्यात पाणी साचतं, बेडूक राहतात.

दानलादीनं फोनवर एक डोकं दाखवलं.
मातीचं, मानेशी तुटलेलं.
तिकोनी डोळे, वर भुवईची कमान,
केसांचे अंबाडे, एक नाही, सहा,
आणि बाहुलीच्या जागी आरपार भोक.
"नोक," तो म्हणाला. मला वाटलं, नाकाबद्दल बोलतोय.
नोक म्हणजे गाव, त्याच्या आजोळापासून दोन कोसांवर.
कथील खणणाऱ्यांच्या फावड्याला लागली ही माणसं,
दोन हजार वर्षांहून जुनी, बहुतेकांना धड नाही.
एक डोकं म्हणे कोनफळाच्या शेतात
वर्षभर बुजगावणं होऊन उभं होतं.
पाखरं घाबरायची का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

ती माणसं लोखंड गाळायची, तो सांगत गेला.
मातीची भट्टी,
मातीच्याच नळीतून भात्याचा वारा.

पुरशानं विडी विझवली.
"आणि आम्ही?" म्हणाला,
"डोंगर फोडला, चाळला, बार्जीत भरला.
मांडवीतून गेला तो मातीच म्हणून गेला, वजनावर.
ह्या डोंगराचा एक कोयता नाही
आमच्या घरात."
त्यावर कुणी काही बोललं नाही.
समोरची बाई बांगड्यांवरच्या माश्या हाकलत राहिली.

माझ्या मनात ती नळी राहिली.
लोहाराची, पण लोहारानं न घडवलेली.
कुणीतरी वळली असेल मांडीवर,
ओल्या हातांनी, पोराला दटावत.

"डोळ्यांना भोकं कशाला?" मी विचारलं.
त्यानं पुस्तकातली कारणं सांगितली:
देव, पूर्वज, नजर, मरण.
मी म्हटलं, बाबा, वाफ.
पोकळ डोकं बंद करून आव्यात घातलं तर फुटतं.
आतल्या ओलीला वाट लागते.
नाही दिली, तर आपली वाट लागते.

मग मी केलं एक.
वारुळाची माती घेतली नाही, ती सातेरीची.
पुरशानं गाळ आणला, खाणीतून वाहत येऊन
आमच्या शेतावर बसलेला,
ज्याच्याखाली दोन हंगाम भात मेलं.
"लोखंड आहे अजून ह्यात," म्हणाला,
जसं कुणी म्हणतं, जीव आहे अजून.
त्यात चिकण मळली. चाक फिरवलं नाही,
वळीवर वळी चढवली.
फोटोत नाक तुटलेलं होतं,
मी हाताला आलं ते बसवलं.
माडाच्या हिरानं डोळे टोचले.

शुक्रवारी आवा पेटवला,
रविवारी राख बाजूला सारली.
तीन घुमटं तडकलेली.
डोकं मात्र शाबूत, लाल,
कुणाचं तरी बोलणं ऐकता ऐकता
आमच्यामुळे थांबल्यासारखं.

दानलादीनं फोनची बत्ती लावली,
एका डोळ्याशी धरून दुसऱ्यातून आत पाहिलं.
"इथं बोटं आहेत," म्हणाला.
माझीच, मी म्हटलं. गाल हवे तर आतून दाबावं लागतं.

मग तो ते जुनं डोकं फोनवर मोठं करत बसला,
मोठं, आणखी मोठं, डोळ्याच्या भोकापर्यंत.
त्यापुढे नुसता काळोख.
फोटो आत जात नाही.

असतील, मी म्हटलं.
बाहेरून तिनं ओला हात फिरवला असेल, गुळगुळीत केलं असेल.
आतून कोण पुसतं.